नदीत ओतलेली औषधं

मागच्या खेपेला भारतातून परत येताना आईने माझ्या बॅगेत अडुळशाच्या वाळलेल्या पानांची पुडी कोंबली होती. इथल्या विमानतळावरचे नियम तुम्हाला ठाऊक आहेतच. तपासणीपर्यंत पोचायच्या आधीच मी ती पुडी पेटीत टाकून मोकळी झाले. आईला हे अजून सांगितलेलं नाही. आज ज्या बाईंची गोष्ट सांगणार आहे, त्यांनी तर म्हणे आपली औषधं आख्खी नदीत ओतून दिली.

सुझान ओबेर. वेलिंग्टनच्या आयलंड बेमधलं 'होम ऑफ कम्पॅशन' तुमच्यापैकी काहींनी पाहिलं असेल, ते यांनीच उभारलं. जन्म १८३५ चा, फ्रान्समधल्या ल्याँ शहराजवळच्या एका गावातला. पंचविसाव्या वर्षी बिशप पोंपालियेंबरोबर त्या ऑकलंडला उतरल्या, १८६० च्या डिसेंबरअखेर. तिथे माओरी मुलींना शिकवायचं काम मिळालं. सोबतीला पेआता नावाच्या न्गापुही जमातीच्या माओरी नन होत्या. सुझानबाई त्या मुलींच्या शिक्षिका, आणि पेआता सुझानबाईंच्या. भाषा, रीतीभाती, कुणाशी कसं बोलायचं, हे त्यांनी शिकवलं. माओरी लोक सुझानबाईंना 'मेरी' म्हणू लागले. पुढे बिशप मायदेशी गेले, काम मोडलं, वरिष्ठांनी यांनाही फ्रान्सला परत जायला सांगितलं. त्या गेल्या नाहीत. १८७१ मध्ये हॉक्स बेला मीॲनीच्या मिशनमध्ये जाऊन राहिल्या आणि गावोगाव पायी फिरून आजाऱ्यांना औषधपाणी करू लागल्या.

औषधं आणली कुठून? काही युरोपातून शिकून आलेलं ज्ञान होतं, पण झाडपाला इथला, आणि तो ओळखायला शिकवणारी माणसंही इथलीच. माओरी लोकांच्या या वैद्यकाला रोंगोआ म्हणतात आणि जाणत्याला तोहुंगा. त्यातली कावाकावा ही वनस्पती आपल्याला परकी वाटू नये. बदामी आकाराचं पान, चावलं की जीभ किंचित बधिर. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने ती आपल्या नागवेलीची, मिरीची आणि पिंपळीची चुलत बहीण, एकाच कुळातली. अळीने खाऊन भोकं पाडलेली पानं औषधाला जास्त चांगली, असं माओरी जाणकार सांगतात. बाजारात नेमकी तीच जुडी आपण बाजूला सारली असती! कोरोमिकोची कोवळी पानं जुलाबावर, हाराकेके म्हणजे इथल्या जवसासारख्या धाग्याच्या झाडाचा चीक जखमेवर. आजीबाईचा बटवाच, फक्त बटवा दुसऱ्या आजीचा.

१८८३ मध्ये सुझानबाई व्हांगानुई नदीच्या काठाने वर, शहरापासून सुमारे ६५ किलोमीटर आत, हिरुहारामा या माओरी वस्तीत गेल्या. हिरुहारामा म्हणजे जेरुसलेमचा माओरी उच्चार. गंमत म्हणजे त्याच १८८३ साली तिकडे जपान सरकारने नियम केला की, नव्याने डॉक्टर व्हायचं तर पाश्चात्त्य वैद्यकाची परीक्षा द्यायलाच हवी. शेकडो वर्षांच्या कांपो वैद्यकाची वाट त्याने अडली. असादा सोहाकु हे त्या परंपरेतले अखेरचे मोठे वैद्य. राजघराण्यातल्या आजारी बाळाला, म्हणजे पुढच्या ताइशो सम्राटांना, त्यांनी बरं केलं होतं. तरी १८९४ मध्ये ते वारले तेव्हा त्यांच्या विद्येला कायद्यात जागा उरली नव्हती.

हिरुहारामाला मात्र उलटं घडत होतं. अनाथ मुलं सांभाळायला पैसा हवा, म्हणून सुझानबाईंनी १८९० नंतर आपली औषधं देशभर विकायला काढली. मारुपा, पारामो, कराना, नातानाता, वानेना अशी त्यांची नावं. रोंगोआ आता बाटलीत बसून दुकानाच्या फळीवर आला. बाटली खपली ती सुझानबाईंच्या नावावर. ज्या बायकांनी पानं दाखवली त्यांचं नाव तिच्यावर नव्हतं. हे मी त्यांच्यावर दोष म्हणून सांगत नाही, मिळालेला पैसा मुलांच्या पोटात गेला. पण नोंद तर व्हायला हवी.

काही वर्षांतच विक्री थांबली. उरलेली औषधं त्यांनी नदीत ओतली आणि कृती कुणाला दिली नाही, असं सांगतात. कारणाबद्दल नाना मतं. मला वाटतं, जे उसनं घेतलं ते पुढे कुणाच्या हाती जाईल याची धास्ती त्यांना असावी.

१८९९ मध्ये त्या वेलिंग्टनला आल्या. गरिबांसाठी सूप किचन, कामकरी आयांच्या बाळांसाठी पाळणाघर, मग १९०७ मध्ये आयलंड बेचं होम. त्याच १९०७ साली संसदेने तोहुंगांना बंदी घालणारा कायदा केला. मांडणारे जेम्स कॅरोल स्वतः माओरी वंशाचे, आणि शिकलेल्या माओरी पुढाऱ्यांचाही पाठिंबा होता, कारण साथींमध्ये माणसं मरत होती आणि भोंदूही होते. अलौकिक शक्तीचा दावा करणाऱ्यांवर रोख असला तरी सावट पडलं ते सगळ्याच जाणत्यांवर. आणि नाशिकला? तिथे त्याच वर्षी शंकर दाजीशास्त्री पदे यांनी देशभरातल्या वैद्यांना एकत्र आणून आयुर्वेद महासंमेलन सुरू केलं.

सुझानबाई १ ऑक्टोबर १९२६ ला एक्क्याण्णव वर्षांच्या होऊन गेल्या. अंत्ययात्रेला वेलिंग्टन लोटलं होतं. दुसऱ्या महायुद्धात हगवणीने बेजार झालेल्या न्यूझीलंडच्या सैनिकांना कोरोमिकोची वाळलेली पानं पाठवली गेली, तेव्हा तो कायदा पुस्तकात होताच. रद्द झाला १९६२ मध्ये.

'हे ज्ञान कुणाचं' हा प्रश्न माओरी लोकांनी १९९१ मध्ये वाइटांगी न्यायाधिकरणापुढे नेला. वाइ २६२ या नावाने तो ओळखला जातो. निकालाचा अहवाल यायला २०११ उजाडलं. त्या मधल्या काळात, १९९७ मध्ये, डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या पुढाकाराने आपण हळदीचं अमेरिकी पेटंट रद्द करून घेतलं होतं. जखमेवर हळद लावायचा शोध आपला, असं तिथे कुणीतरी लिहून दिलं होतं.

हिरुहारामाचं चर्च आणि कॉन्व्हेंट आजही आहे. व्हांगानुईहून नदीकाठचा अरुंद, वळणावळणाचा रस्ता आहे, तेव्हा पोरांना गाडी लागत असेल तर आल्याच्या वड्या जवळ ठेवा. झाडीत सावलीला भोकाभोकांची पानं दिसली, तर तो कावाकावा. तोडायची झाली तर आधी तिथल्या माणसांना विचारा.