प्रवेशाच्या दारातील प्रमाणपत्र : वऱ्हाडातील एक शोध

महाविद्यालयाच्या प्रवेश-अर्जास गुणपत्रिकेखाली आणखी काही कागद जोडलेले आढळतात : क्रीडास्पर्धेचे, वक्तृत्वाचे, राष्ट्रीय छात्र सेनेचे प्रमाणपत्र. अभ्यासेतर उपक्रमांना हे स्थान कसे प्राप्त झाले आणि त्याचा लाभ कोणास मिळू शकतो, याचा विचार अमरावती व अकोला या दोन नगरांच्या आधारे करण्याचे आम्ही योजिले आहे.

अमरावतीत 1914 साली वैद्य बंधूंनी श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना केली. 1936 साली बर्लिन ऑलिंपिकच्या प्रसंगी मंडळाच्या पथकाने भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके सादर केली. बलोपासना हे तेव्हा राष्ट्रकार्य मानले जात होते. महाविद्यालयाचे दार उघडण्याचे ते साधन नव्हते. पुढे 1967 मध्ये मंडळाचे शारीरिक शिक्षण महाविद्यालय सुरू झाले. या विषयाच्या बी.पी.एड. पदवीसाठी राज्याच्या प्रवेशपरीक्षेत लेखी परीक्षेबरोबर मैदानी चाचणीही घेतली जाते. येथे अभ्यासेतर मानलेली गोष्टच अभ्यास झाली.

इतर शाखांतील कथा वेगळी आहे. राष्ट्रीय छात्र सेना 1948 साली स्थापन झाली. चीनच्या आक्रमणानंतर 1963 मध्ये ती महाविद्यालयीन विद्यार्थ्यांस सक्तीची करण्यात आली व 1968 मध्ये पुन्हा ऐच्छिक झाली. जे सर्वांस करावे लागते त्याने कोणी वेगळा ठरत नाही. सक्ती सरल्यावरच प्रमाणपत्रास वेगळेपण आले, हे येथे ध्यानात घ्यावे लागते. त्यानंतर 24 सप्टेंबर 1969 रोजी देशातील 37 विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना आरंभली गेली. आणि महिना उलटण्यापूर्वीच, 20 ऑक्टोबर 1969 रोजी, अकोल्यात पंजाबराव कृषी विद्यापीठ स्थापन झाले. राज्यातील कृषी पदवीच्या प्रवेशात परीक्षेतील गुणांखेरीज शेतजमिनीच्या सातबाऱ्यास, तसेच क्रीडा, वक्तृत्व व छात्र सेनेच्या प्रमाणपत्रांस अतिरिक्त गुणभार देण्याची प्रथा दीर्घकाळ चालत आली. गुणवत्ता यादीत एकेका गुणावर जागा ठरते. तेथे हा अल्प भारही निर्णायक ठरू शकतो.

या प्रथेचा हेतू स्तुत्य आहे, याविषयी आमचे दुमत नाही. तथापि जगाचा इतिहास सावध करतो. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात परीक्षेच्या गुणांवर ज्यू विद्यार्थी मोठ्या संख्येने प्रवेश मिळवू लागले, तेव्हा त्यांची संख्या मर्यादित करण्याचा आग्रह अध्यक्ष लोवेल यांनी 1922 मध्ये धरला. उघड मर्यादेस विरोध झाला. मात्र 1926 पासून 'चारित्र्य' व 'व्यक्तिमत्त्व' या निकषांवर भर देऊन तेच साधण्यात आले. जे मोजता येत नाही त्याच्या आडून वगळणे सोपे जाते.

वऱ्हाडात असा कुटिल हेतू होता, असे आम्ही म्हणत नाही. परंतु हेतू शुद्ध असूनही परिणाम विषम होऊ शकतो. शाळा सुटल्यावर जी मुलगी आईबरोबर कापूस वेचण्यास जाते, तिला सरावास वेळ कोठून मिळावा? जिच्या शाळेस मैदान नाही, तिने स्पर्धा कोठे खेळावी? तिच्या श्रमाचे प्रमाणपत्र कोणतेही कार्यालय देत नाही. सातबारा तिच्या घरी नाही आणि पदकही नाही. अशा वेळी प्रमाणपत्र तिच्या गुणांऐवजी तिला मिळालेली, किंवा न मिळालेली, संधी मोजते.

डॉ. पंजाबराव देशमुखांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढले ते सर्व जातींच्या मुलांसाठी. प्रथम आसरा, मग स्पर्धा, असा तो क्रम होता. त्यांचेच नाव धारण करणाऱ्या विद्यापीठाच्या नगरीत हा क्रम विसरला जाऊ नये. प्रत्येक शाळेस आधी मैदान, प्रशिक्षक व व्यासपीठ मिळावे. प्रमाणपत्रास गुण त्यानंतर द्यावेत, असे आमचे नम्र मत आहे.