पुढून येणारी खटखट आणि तिचा इतिहास

तर मंडळी, या वीकेंडचा विषय : गाडीच्या पुढच्या भागातून येणारे आवाज. हसू नका, इतिहासच सांगतोय :)

आमच्या गोंदियात जुन्या मिस्त्रीकडे गाडी नेली, की बोनेट उघडायच्या आधीच तो विचारतो, "भाऊ, आवाज कधी येऊन राहिला? वळताना का खड्ड्यात?" आमच्या आयटीच्या भाषेत, आधी बग रिप्रोड्यूस करा, मग कोड उघडा. पण हा प्रश्न गाड्यांच्या रचनेतून घडत आलाय.

अ‍ॅम्बेसेडर घ्या. १९५७ ते २०१४ अशी तिची कारकीर्द. मूळची इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड. पुढच्या चाकांना नेहमीच्या स्प्रिंगऐवजी पीळ खाणारी पोलादी दांडी, म्हणजे टॉर्शन बार. ही मांडणी मॉरिसच्या गाड्यांत १९४८ साली आली, अलेक इसिगोनिसच्या मॉरिस मायनरच्या जमान्यात. पुढच्या सांध्यांना ग्रीस भरायचे निपल असायचे. ग्रीस वेळेवर गेलं नाही की सांधा आधी कुरकुरायचा, मग झिजून खडखडायचा. म्हणून पहिलं औषध ग्रीसगन.

दुसरी गाडी आपल्या मराठी माणसांच्या जास्त ओळखीची. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर कंपनी काढली, आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११००, पुढे पद्मिनी बाहेर पडली. मूळ रचना दांते जियाकोसा या इटालियन इंजिनीअरच्या हाताखालची. इथे स्टिअरिंगची पेटी, तिथून दांड्या, दांड्यांना सांधे. एखादा सांधा सैल झाला की खड्ड्यात खडखड, आणि स्टिअरिंग थोडं फिरवलं तरी चाक जागचं हलत नाही.

मग १४ डिसेंबर १९८३ला मारुती ८०० आली आणि सगळी गणितं बदलली. आधीच्या दोन्ही गाड्यांत इंजिनची ताकद मागच्या चाकांना जायची. मारुतीत ती पुढच्या चाकांना जाते. म्हणजे चाकाने वळायचंही आणि गाडी ओढायचीही! त्यासाठी लागतो सीव्ही जॉइंट. त्यावर रबराचा बूट असतो, आत ग्रीस. बूट फाटला की ग्रीस उडून जातं आणि आत चिखल-माती शिरते. आमच्या धानाच्या पट्ट्यात रोवणीच्या दिवसांत चिखल रस्त्यावर येतो, तोच पुढे वाळून धूळ होतो. मग स्टिअरिंग पूर्ण वळवून अ‍ॅक्सिलरेटर दाबला की कट-कट-कट. अ‍ॅम्बेसेडर-पद्मिनीच्या पुढच्या चाकांत हा आवाज शक्यच नव्हता. जुन्या कानांना नवा धडा शिकावा लागला.

गंमत बघा, आडवं इंजिन आणि पुढची चाकं चालवणं ही कल्पना लोकप्रिय केली १९५९च्या मिनीने, म्हणजे पुन्हा इसिगोनिस. आणि इंजिनाच्या शेजारी गिअरबॉक्स ही मारुतीतली मांडणी १९६४च्या ऑटोबियांकी प्रिमुलात आणली जियाकोसाने! म्हणजे जुनी खडखड आणि नवी कटकट, दोन्ही आवाजांचं मूळ याच दोघांकडे जातं.

आता हे सगळं कशाला? कारण आजच्या बहुतेक गाड्यांत सांधे सीलबंद असतात. ग्रीसगनचा उपयोग नाही, झिजला की बदला. म्हणजे नियमित ग्रीसिंगच्या निमित्ताने गाडीखाली जाणारी मिस्त्रीची नजर गेली, आणि आवाज हाच मोठा इशारा उरला. बरेच लोक तो आला की स्टिरिओ मोठा करतात. असो.

तेव्हा एवढं लक्षात ठेवा. पूर्ण वळणावर कटकट म्हणजे बहुधा सीव्ही जॉइंट. वेगाबरोबर वाढणारी घूंऽऽ म्हणजे चाकाचं बेअरिंग, आणि डावीकडे वळताना ती वाढली तर संशय उजव्या बेअरिंगवर. हळू चालवताना खड्ड्यात ठक् झालं तर बुश, लिंक किंवा खालचा बॉल जॉइंट. हा शेवटचा निसटला तर चाक आडवं होतं, आणि कोहमाऱ्याकडून देवरीला जाताना मागे ट्रक असतो. त्यामुळे ठक् ऐकलं की गाडी त्याच आठवड्यात जॅकवर चढवा.

आता इलेक्ट्रिक गाड्या आल्यात. इंजिन गेलं, पण बेअरिंग, बुश, बॉल जॉइंट, सीव्ही जॉइंट सगळं शिल्लक आहे. उलट इंजिनाचा आवाज नसल्याने खटखट जास्त स्पष्ट ऐकू येते. तेव्हा मिस्त्रीचा तो प्रश्न अजून बरीच वर्षं चालणार. तुम्ही फक्त उत्तर तयार ठेवून जा : वळताना, का खड्ड्यात?