आपल्यात कुणी डावरं नाही!

परवा वीकेंडला खर्ड्याला आजोळी गेलो होतो. खर्डा म्हटलं की लोकांना ११ मार्च १७९५ ची निजामाबरोबरची लढाई आठवते. आमच्याकडे जेवणाच्या ताटावरच लढाई जुंपली. ताईच्या पोरीने डाव्या हाताने घास घेतला आणि आजी कडाडली, "उजव्या हातानं खा गं! आपल्यात कुणी डावरं नाही."

डावरेपणा खरंच घराण्यात चालतो का? सवयीप्रमाणे मी शोधाशोध सुरू केली.

स्कॉटलंडचं केर घराणं डावखुऱ्या तलवारबाजांचं म्हणून प्रसिद्ध. त्यांच्या किल्ल्यांतले जिनेसुद्धा म्हणे उलटे वळवलेले. १९७४ च्या एका पाहणीत केर आडनावाचे सुमारे ३० टक्के लोक डावरे निघाले. १९९३ मध्ये पुन्हा नीट तपासलं, तर केर मंडळी चारचौघांसारखीच! पहिल्या वेळी बहुधा डावऱ्यांनीच जास्त उत्साहाने उत्तरं दिली असावीत.

म्हणजे घराण्याचा काहीच संबंध नाही? थोडा आहे. आईबाप दोघं उजवे असले तरी दहातलं एखादं मूल डावरं होतं. दोघांपैकी एक जण डावरा असेल तर शक्यता साधारण दुप्पट. जुळ्यांच्या अभ्यासातून अनुवंशाचा वाटा २५ टक्क्यांच्या आसपास येतो. २०१९ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ब्रिटनमधल्या सुमारे ४ लाख लोकांचा डेटा तपासला, त्यात जनुकांच्या ४ जागा सापडल्या. एकच एक 'डावरं जनुक' असं काही नसतं.

पण खरी गोम वेगळीच आहे. १९०० च्या सुमारास जन्मलेल्या ब्रिटिशांत डावरे जेमतेम ३ टक्के, पुढच्या पिढ्यांत १० च्या वर. एवढ्यात जनुकं बदलत नाहीत. बदलली ती मास्तरांची छडी. थोडक्यात, जुना डेटाच मुळात करप्ट!

रात्री ओसरीवर आजी सुपारी कातरत बसली होती. अडकित्ता डाव्या हातात. विचारलं, तर म्हणाली, "लहानपणी आईनं हातावर उलथन्याचा चटका दिला व्हता. मग जेवण, लिहिणं समदं उजव्यानं. हे एवढं ऱ्हायलं."

सकाळी पोरगी डाव्या हाताने पोहे खात होती. आजी काही बोलली नाही.

असो. तुमच्याही घरात 'कुणी डावरं नाही' म्हणत असतील, तर मंडळी, एकदा आजी-आजोबांचे हात नीट बघा.