‘अचुंबकीय’ : एका शब्दाची अलिबागेतील हकीकत

शास्त्रीय परिभाषेतील काही शब्द इतके साधे दिसतात की त्यांचा अर्थ विचारावा असे कोणाला वाटत नाही. ‘अचुंबकीय’ हा त्यांपैकीच एक. जे चुंबकीय नाही ते अचुंबकीय. तांबे, पितळ, लाकूड, काच ही त्याची उदाहरणे, असे आपण शाळेत शिकतो आणि पुढे जातो. परंतु काटेकोरपणे पाहू गेल्यास या वर्णनाला पात्र असा एकही पदार्थ सृष्टीत सापडत नाही. तरीही हा शब्द टाकाऊ ठरत नाही. असे का, याचे उत्तर शोधायला फार दूर जावे लागत नाही. थळपासून काही किलोमीटरांवर, अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेत ते दगडात बांधलेले आहे.

प्रथम शब्दांचे कूळ पाहू. संस्कृतात चुंबकाला ‘अयस्कान्त’ म्हणतात, म्हणजे लोखंडाला प्रिय असलेला. कालिदासाने ‘कुमारसंभवा’त शंकराच्या मनाला पार्वतीकडे ओढण्यासाठी याच अयस्कान्ताची उपमा वापरली आहे. रसशास्त्राच्या ग्रंथांनी कान्तलोहाचे भ्रामक, चुंबक, कर्षक, द्रावक आणि रोमकान्त असे पाच प्रकार केले. लोखंडाला फिरवणारा तो भ्रामक, चिकटणारा तो चुंबक, ओढणारा तो कर्षक. आज सर्व जातीला लावले जाणारे ‘चुंबक’ हे नाव या यादीत केवळ एका प्रकाराचे होते. या वर्गीकरणाचा आधार मात्र ध्यानात घेण्याजोगा आहे : पदार्थ लोखंडाचे काय करतो, एवढाच प्रश्न येथे विचारलेला आहे. ज्याचा परिणाम लोखंडावर दिसत नाही, तो या विचाराच्या बाहेरच राहिला.

१८४५ साली मायकेल फॅरेडेने ही सीमारेषा पुसली. प्रबळ विद्युतचुंबकाच्या ध्रुवांमध्ये त्याने काच, लाकूड, मांस असे नाना पदार्थ टांगले आणि प्रत्येकाने काही ना काही प्रतिसाद दिला. बहुतेक पदार्थ क्षेत्रापासून किंचित दूर सरतात, ते प्रतिचुंबकीय. काही किंचित ओढले जातात, ते समचुंबकीय. आणि लोखंड, निकेल, कोबाल्ट यांसारखे मोजके पदार्थ जोराने ओढले जातात, ते लोहचुंबकीय. या व्यवस्थेत ‘अचुंबकीय’ला जागाच उरली नाही. तांबे आणि पाणी दोन्ही प्रतिचुंबकीय आहेत. त्यांचा प्रतिसाद क्षीण आहे, शून्य नव्हे.

योगायोग असा, की त्याच दशकात मुंबईत पृथ्वीच्या चुंबकत्वाचे मोजमाप सुरू झाले होते. कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली स्थापन केली आणि चुंबकीय निरीक्षणे १८४१ पासून होऊ लागली. १ आणि २ सप्टेंबर १८५९ च्या प्रचंड सौरवादळाची कुलाब्याची नोंद आजही जगभरचे अभ्यासक वापरतात. क्षितिजसमांतर क्षेत्रात सुमारे १६०० नॅनोटेस्लांची घट त्या नोंदीवरून काढली गेली आहे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी मुंबईत विजेच्या ट्रामचा बेत ठरला, तेव्हा या नोंदींवर संकट आले. ट्रामचा एकदिश प्रवाह रुळांवाटे परतताना जमिनीत झिरपतो आणि त्याचे क्षेत्र चुंबकमापीला गोंधळात टाकते. तेव्हाचे संचालक, आणि त्या पदावर आलेले पहिले भारतीय, नानाभॉय फ्रामजी मूस यांच्या काळात नवी जागा अलिबागेत निवडण्यात आली. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वेध घेऊन जुन्या मालिकेला नवी जोडली गेली. विजेची ट्राम १९०७ मध्ये धावू लागली, तोवर सांधा पक्का झाला होता.

पण वेधशाळा बांधायची कशाने? हा सारा किनारा काळ्या पाषाणाचा. थळसमोरची खांदेरी आणि उंदेरी, अलिबागचा कुलाबा किल्ला, सगळी तटबंदी याच दगडाची. खांदेरीवर एक शिळा ठोकली असता धातूसारखी वाजते. तिचे चुंबकत्वाशी नाते त्या नादाने सिद्ध होत नाही, पण काळ्या पाषाणात मॅग्नेटाइटच्या जातीची लोहखनिजे असतात हे खरेच. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजताना त्या कणांनी तत्कालीन क्षेत्राची दिशा धरून ठेवली आणि ती अजून सोडलेली नाही. किल्ल्याला उत्तम असलेला दगड वेधशाळेला घातक ठरला. म्हणून पोरबंदरचा दगड पारखून आणला गेला, आणि लोखंडाऐवजी तांबे, पितळ व लाकूड वापरले गेले.

येथे ‘अचुंबकीय’चा खरा अर्थ उघड होतो. पोरबंदरचा दगड फॅरेडेच्या अर्थाने अचुंबकीय नाही. अलिबागेत क्षितिजसमांतर क्षेत्र ३८ हजार नॅनोटेस्लांच्या आसपास असते आणि त्याचा रोजचा चढउतार काही दशकांचा. तो वाचणाऱ्या उपकरणाला या दगडाची बाधा होत नाही, इतकेच म्हणायचे आहे. हा शब्द पदार्थ आणि मापक यांच्यातील नाते सांगतो. मापक बदलला की अर्थही बदलतो.

थळचेच दुसरे उदाहरण घ्या. १९८५ पासून येथे खतकारखाना आहे, युरिया बनवणारा. अशा उद्योगात लागणाऱ्या विशिष्ट स्टेनलेस स्टीललाही अचुंबकीय म्हणतात. तेथे चिंता पृथ्वीच्या क्षेत्राची नसते. पोलादात फेराइट ही चुंबकीय प्रावस्था राहिली, तर अमोनियम कार्बामेट तिला कुरतडते. म्हणून चुंबकीय प्रतिसाद मोजून फेराइट किती ते ताडतात. तेथे ‘अचुंबकीय’ म्हणजे न गंजणारे, असा जवळजवळ अर्थ होतो. वेधशाळेच्या भिंतीजवळ तेच पोलाद आणायचे तर ते पुन्हा तपासावे लागेल, कारण वाकवल्या-ठोकल्याने साधे स्टेनलेस स्टीलही थोडे चुंबकीय बनू शकते.

तेव्हा परिभाषाकोशात ‘अचुंबकीय’पुढे नुसते ‘चुंबकीय नसलेला’ लिहून भागत नाही; कोणत्या मापाला, किती सूक्ष्मतेपर्यंत, हे सांगायला हवे. हा शब्दांचा कीस नव्हे. मूस यांनी १८४६ ते १९०५ च्या नोंदींचे विवेचन १९१० मध्ये प्रसिद्ध करता आले, ते मागच्या दोन पिढ्यांनी हा प्रश्न रोज विचारला म्हणून. पुढच्या नोंदींचा भरवसाही वेधशाळेभोवती येणारी प्रत्येक तार, मोटार आणि इमारत याच प्रश्नाला किती प्रामाणिकपणे सामोरी जाते, यावर अवलंबून राहील.