गोधडी : एका घरगुती वस्त्राचा इतिहास

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे किल्ले, ताम्रपट, बखरी आणि नाणी उभी राहतात. आज ज्या वस्तूविषयी बोलावयाचे आहे, तिला कोणत्याही बखरीत स्थान नाही. ती वस्तू म्हणजे गोधडी. आपल्यापैकी बहुतेकांचे बालपण तिच्याखाली गेले आहे आणि तरीही तिला इतिहास असेल, असे आपल्या मनात सहसा येत नाही.

माझ्या मनात तो विचार आला तो एका साध्या प्रसंगामुळे. आमच्या बेळगावच्या घरी आजीच्या हातची एक गोधडी होती. वरचे लुगडे विरून त्याच्या चिरफाळ्या झाल्या, तेव्हा ती दुरुस्त करावी म्हणून उसवावयास घेतली. वरचा पदर निघाला तो आत आजोबांच्या धोतराचे तुकडे लागले. त्यांच्या खाली आत्याच्या परकराचे छिटाचे कापड होते, आणि सर्वांच्या तळाशी, आजच्या टाक्यांहून निराळ्या टाक्यांनी शिवलेली, आणखी एक लहानशी गोधडी निघाली. ती बहुधा पणजीच्या हातची असावी. घरात पणजीचे छायाचित्र नाही, पत्र नाही, सहीदेखील नाही. तिच्या हाताची एवढीच खूण उरली होती, आणि तीही आम्हांला अनवधानाने सापडली.

फाटक्या वस्त्रांचे तुकडे जोडून नवे पांघरूण करण्याची कला आपल्या देशात फार प्राचीन आहे. संस्कृतात अशा वस्त्राला ‘कंथा’ म्हणतात, आणि ‘भज गोविंदम्’ या प्रसिद्ध स्तोत्रात रस्त्यावरच्या चिंध्यांची कंथा पांघरणारा विरक्त भेटतो. बौद्ध भिक्षूंचे चीवरही मुळात टाकून दिलेल्या कापडाचेच असे. विनयपिटकातील महावग्गात अशी कथा आहे की, मगध देशातील बांध घातलेली, चौकोनी भाताची शेते पाहून भगवान बुद्धांनी आनंदाला त्याच आकृतीचे चीवर करता येईल काय, असे विचारले, आणि आनंदाने तसे तुकडे जोडून ते सिद्ध केले. महाराष्ट्रात याच परंपरेचे अगदी अलीकडचे उदाहरण म्हणजे गाडगे महाराज (१८७६–१९५६). अंगावरच्या ठिगळांच्या वस्त्रामुळे लोक त्यांना गोधडेबुवाही म्हणत.

विरक्ताने चिंध्या पांघरल्या की तिला वैराग्य म्हणतात. गृहिणीने त्याच चिंध्या जोडल्या की तिला काटकसर म्हणतात. पहिलीची नोंद ग्रंथांनी केली, दुसरीची कोणी केली नाही. परंतु काटकसर हा शब्दही येथे अपुरा पडतो. गोधडीत जेवढी काटकसर आहे, तेवढेच गणितही आहे. ते थोडे समजून घेऊ.

नऊवारी लुगडे नऊ वार लांब, म्हणजे सत्तावीस फूट. त्याचा पन्हा सुमारे चार फूट. या लुगड्याची लांबीत चौघडी घातली की पावणेसात फूट लांब आणि चार फूट रुंद असे चार पदरी अंथरूण तयार होते. एका माणसाला पुरेल असे हे माप आहे. म्हणजे जे वस्त्र एका स्त्रीने दिवसभर नेसले, तेच कोठेही न कापता तिला रात्री पुरते. त्यात मधे धोतराचे, पंचांचे, सदऱ्यांचे तुकडे घातले की ऊब वाढते. मग अंगणात किंवा सोप्यावर कापड ताणून पसरावयाचे, चारी कोपऱ्यांवर वरवंटा, पाटा किंवा दगड ठेवावयाचे, आणि कडेपासून आत आत धावदोरा घालीत मध्यापर्यंत यावयाचे. टाक्यांच्या ओळींत बोटभर अंतर ठेवले, तर एवढ्या गोधडीला सुमारे साडेचारशे फूट लांबीची शिवण पडते. इंचाला दोन टाके धरले, तरी ही संख्या दहा हजारांच्या पुढे जाते. हे टाके दुपारच्या वेळी, जेवणे आटोपल्यावर आणि दिवेलागणीपूर्वी, घातले जात. एका बाजूस सासू, दुसऱ्या बाजूस सून, आणि सुईत दोरा ओवून देण्यास एखादी नात, अशी ही बैठक असे. घरातल्या कितीतरी गोष्टी तोंडाने न बोलता या बैठकीत मिटत, आणि कितीतरी नव्याने निघतही.

प्रदेशाप्रमाणे या वस्त्राची नावे बदलतात. देशावर गोधडी, कित्येक भागांत वाकळ, माळव्यात गुदडी, आणि आमच्या सीमाभागात कानडी शेजाराने दिलेले कौदी हे नाव. एका गल्लीत दोन भाषा बोलणाऱ्या शेजारणी एकाच पांघरुणाला दोन नावांनी हाक मारतात आणि एकमेकींच्या कौदीला टाके घालू लागतात, हे दृश्य आमच्याकडे अपूर्व नव्हते. ज्यांना घरी शिवणे जमत नसे, त्यांच्याकडे काही भटक्या जमातींच्या स्त्रिया दारोदार येऊन मजुरीने कौदी शिवून देत.

या कलेची एक शाखा तर समुद्रापलीकडून आलेल्या लोकांच्या हाती वाढली. पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गुलाम म्हणून गोव्यात आणलेल्या लोकांपैकी अनेकजण घाट ओलांडून कारवार जिल्ह्याच्या जंगलांत पळून आले. त्यांचे वंशज सिद्दी आज येल्लापूर, हल्याळ, मुंडगोड या भागांत राहतात. घरी ते कोकणी बोलतात. त्यांच्या स्त्रिया जी गोधडी शिवतात, तिला कवंदी म्हणतात. रंगीबेरंगी तुकडे त्या कडेपासून आत लावीत जातात, आणि शेवटी चारी कोपऱ्यांवर घडीच्या लहान तुकड्यांची ‘फुले’ बसवितात. फुलांवाचून कवंदी नागडी दिसते, असे त्या मानतात. हेन्री ड्रूअल या अमेरिकन कलेतिहासकाराने या शतकाच्या प्रारंभी या कवंद्यांचा अभ्यास केला, आणि त्यांची प्रदर्शने अमेरिकेत भरली. ज्यांच्यापाशी गुलामीतून सुटताना काहीही नव्हते, त्यांच्या लेकींनी दुसऱ्यांच्या टाकाऊ कपड्यांतून स्वतःची ओळख शिवली, ही गोष्ट आपण जाणून घेण्यासारखी आहे.

त्याच गोव्याच्या बंदरातून एके काळी निराळ्याच रजया परदेशी जात. १५८३ ते १५८८ या काळात गोव्याच्या आर्चबिशपांच्या पदरी असलेल्या लिंशोटेन या डच प्रवाशाने १५९६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या वृत्तांतात खंबायतच्या रेशमी टाक्यांच्या सुंदर रजयांचे वर्णन केले आहे. पोर्तुगीज त्यांना ‘कोल्शा’ म्हणत. बंगालमध्ये भरलेल्या अशा रजया तर आज युरोपच्या संग्रहालयांत काचेआड आहेत. त्या टिकल्या, कारण त्या श्रीमंतांच्या होत्या आणि वापरण्यापेक्षा दाखविण्यासाठीच अधिक होत्या. आपली गोधडी टिकली नाही, कारण ती वापरली गेली. ती फाटली की दुसरीच्या पोटात गेली, तीही फाटली की पायपुसणे झाली, आणि शेवटी चुलीशी भांडी उतरविण्याचे फडके झाली. तिच्या इतिहासाची साधने नाहीत, याचे खरे कारण हे आहे.

बंगालच्या कांथेचे भाग्य याहून बरे निघाले. गुरुसदय दत्त (१८८२–१९४१) या सनदी अधिकाऱ्याने खेड्यापाड्यांतून कांथा गोळा केल्या, आणि जसीमउद्दीन या कवीने १९२९ साली आपल्या काव्याचे नावच नक्षीदार कांथेवरून ठेविले. त्यामुळे कांथेला सुशिक्षितांच्या घरात मान मिळाला. कांथेवर फुले, हत्ती, रथ भरलेले असतात आणि गोधडीवर साधा धावदोरा असतो, हे खरे. पण आपल्याकडे एखादा गुरुसदय दत्त त्या काळी निघाला असता, तर साध्या धावदोऱ्यातही गावागावांचे किती निराळे वळण आहे, हे आज आपल्याला सांगता आले असते.

आता गोधडी मागे का पडली, याचा विचार करू. मुंबईत १८५४ साली पहिल्या कापडगिरणीची कंपनी स्थापन झाली, आणि पुढे सोलापूर, इंदूर, बडोदे येथेही गिरण्या उभ्या राहिल्या. गिरणीचे कापड आले म्हणून गोधडी बंद पडली, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः उलट झाले. कापड स्वस्त झाल्याने जुनी वस्त्रे अधिक निघू लागली आणि गोधड्याही वाढल्या. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, कापडावर सरकारी नियंत्रण आले, तेव्हा तर जुन्या लुगड्याचा तुकडाही टाकणे जिवावर येई. त्या वर्षांतल्या गोधड्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हाताएवढ्या ठिगळांची दाटी आठवत असेल.

गोधडीवर खरा आघात झाला तो १९६० नंतरच्या काळात, आणि तो तीन बाजूंनी झाला. पहिली बाजू धाग्याची. नायलॉन आणि टेरिलीन यांची वस्त्रे घरोघर आली. सुती लुगडे शंभर वेळा धुतले की मऊ होते, घाम टिपते आणि ऊब धरते. कृत्रिम धाग्याचे पातळ कितीही धुतले तरी तसेच राहते, आणि त्याचे टाके निसटतात. दुसरी बाजू मापाची. नऊवारी जाऊन पाचवारी आली, आणि चौघडीचे गणितच चुकले. तिसरी बाजू बोहारणीची. स्टेनलेस स्टीलची भांडी जुन्या कपड्यांच्या बदल्यात दारी मिळू लागली. दोन जरीची लुगडी आणि एक कोट दिला की लखलखीत डबा घरात येई. फळीवर ओळीने मांडलेल्या स्टीलच्या भांड्यांचा हेवा शेजारीण करी; गोधडीचा कोण करणार? आपल्या आयांनी केलेला हा सौदा चुकीचा होता, असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. दहा हजार टाके ज्यांच्या बोटांनी घातले, त्यांना त्यातून सुटका हवीशी वाटली तर नवल नाही.

तरीही या सौद्यात एक गोष्ट गेली, तिचा हिशेब कोणी मांडला नाही. गोधडी ही केवळ पांघरूण नव्हती, ती देणगी होती. लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली की परत जाताना बाळंतविड्यात कुंची, झबली यांच्याबरोबर दुपटे असावयाचेच, आणि ते आजीच्या लुगड्याचे असावयाचे. तान्ह्या मुलाला प्रथम नवे कोरे कापड घालीत नाहीत, जुने मऊ कापड घालतात, ही आपल्याकडची चाल अनुभवातून आलेली आहे. कोऱ्या कापडाची खळ तान्ह्याच्या कातडीला टोचते. या देणगीला दाम पडत नसे, म्हणून गरिबाची लेकही ती घेऊन जाई आणि सावकाराची लेकही. सासरी त्या दुपट्याला माहेरचा वास येतो, असे बायका म्हणत.

आज गोधडी पुन्हा दिसू लागली आहे. ठिकठिकाणी महिलांचे बचत गट ती शिवून विकतात, आणि शहरातली मंडळी ती भिंतीवर टांगतात, पलंगावर घालतात, लग्नात आहेर म्हणून देतात. हे स्वागतार्ह आहे. मात्र विकत घेताना टाके मोजून दाम द्यावे, एवढीच विनंती. तथापि स्वतःच्या घरासाठी गोधडी विकत घेण्याची गरज नाही. मीटरभर लांबीरुंदीचे दुपटे नवशिक्या हातालाही जमते. दोन जुन्या सुती साड्यांचे काठ सोडून तुकडे घ्यावेत, गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवावेत, मधे एखाद्या जुन्या धोतराचा किंवा सुती चादरीचा पदर घालावा, चारी बाजूंनी मोठ्या टाक्यांनी कच्चे करून घ्यावे, आणि मग दुहेरी दोऱ्याने कडेपासून आत धावदोरा घालावा. कापड चुणू नये म्हणून दोरा फार ओढू नये. सोडलेले काठ शेवटी कडेला पट्टीसारखे लावावेत. रोज तासभर दिला तर दोन-तीन आठवड्यांत ते पुरे होते. खर्च सुईदोऱ्याचा.

आमची उसवलेली गोधडी आम्ही पुन्हा शिवली. पणजीची लहान गोधडी होती तशीच आत ठेवली. फक्त या वेळी एक गोष्ट नवी केली. कोणता तुकडा कोणाचा, हे घरातल्या वडीलधाऱ्या मंडळींना विचारून एका पांढऱ्या कापडावर रंगीत दोऱ्याने नावे भरली आणि ते कापड आतल्या बाजूस लावले. दोन तुकड्यांची नावे कोणालाच सांगता आली नाहीत, कारण सांगणारी माणसे आधीच्या वर्षी गेली होती. आपल्या घरी अशी एखादी गोधडी असेल आणि तिच्यातली लुगडी ओळखणारे कोणी असेल, तर त्यांना आज संध्याकाळीच विचारावे.