आंत्रस्नायू आणि दाहशामक औषधे

आतड्याच्या भित्तीतील अरेखित स्नायूंची हालचाल ॲसिटिलकोलीन, प्रोस्टाग्लँडिने यांसारख्या रासायनिक संदेशकांवर चालते. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, इंडोमेथॅसिन ही दाहशामके प्रोस्टाग्लँडिनांची निर्मिती रोखतात. ॲराकिडोनिक अम्लापासून ती घडवणाऱ्या सायक्लोऑक्सिजनेज या विकराचे कामच ही औषधे बंद पाडतात. ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये हे दाखवले, तेव्हा प्रोस्टाग्लँडिन मोजण्याचे त्यांचे साधन होते उंदराच्या जठराची व मोठ्या आतड्याची पट्टी. संदेशक जितका जास्त, तितकी ती आकसे. १९८२ च्या नोबेल पारितोषिकात ते वाटेकरी झाले.

परिणाम मात्र एकमार्गी नाही. प्रोस्टाग्लँडिन ई२ आतड्याचा लांबीच्या दिशेचा थर आकसवते आणि वर्तुळाकार थर सैलावते. एफ२-आल्फा दोन्ही थर आकसवते. ई२ च्या परिणामातला हा फरक पेशीवरील संदेश टिपणाऱ्या ग्राहींमुळे पडतो: ईपी१ व ईपी३ आकुंचन घडवतात, ईपी२ व ईपी४ शिथिलता आणतात. टायरोड या क्षारद्रावणात टांगलेल्या गिनीपिगच्या आतड्याला विजेची चेतना दिली, की ते आकसते. इंडोमेथॅसिनने ते आकुंचन मंदावते आणि प्रोस्टाग्लँडिन घालताच परतते (१९७३). काजळीच्या ड्रमवर उमटणारे असे आलेख बी.फार्म.च्या जुन्या विद्यार्थ्यांच्या परिचयाचे. आता ते बहुधा संगणकाच्या पडद्यावरच दिसतात. जिवंत उंदरात मात्र तेच इंडोमेथॅसिन लहान आतड्याची हालचाल वाढवते, आणि व्रण होण्यामागे ही अतिचलनताही असते. तेव्हा ‘दाहशामकाने आतडे शांत होते’ हे अर्धेच खरे.

खानदेशात घरोघर ठाऊक असलेला एरंडेलाचा जुलाब याच संदेशवहनाचा नमुना आहे. इंडोमेथॅसिन दिलेल्या उंदरांना तो उशिरा लागतो, हे आधीच दिसले होते. त्यामुळे प्रोस्टाग्लँडिनांवर संशय होताच. २०१२ मध्ये जर्मन संशोधकांनी उलगडा केला: एरंडेलातील रिसिनोलेइक अम्ल आंत्रस्नायूच्या ईपी३ ग्राहीलाच चेतवते. स्नायूत हा ग्राही नसलेल्या उंदरांना एरंडेलाने जुलाब झाला नाही. आमवातावर वैद्य हेच तेल देत आले आणि दवाखान्यात त्याच दुखण्यावर डायक्लोफेनॅक मिळते. आतड्यापुरते पाहिले तर एक औषध ग्राही चेतवते, दुसरे त्याचा नैसर्गिक संदेशक कमी करते.

मुरड्यासाठी व पाळीच्या कळांसाठी सर्रास घेतल्या जाणाऱ्या गोळीत डायसायक्लोमिन व मेफेनॅमिक अम्ल एकत्र असतात. पहिले स्नायूवरील ॲसिटिलकोलीनचा संदेश अडवते, दुसरे प्रोस्टाग्लँडिनांची निर्मिती. मेफेनॅमिक अम्लाने क्वचित ताप, पुरळ व अंतर्गत अवयवांना इजा अशी गंभीर प्रतिक्रिया येऊ शकते. भारतीय औषधकोश आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये तसा इशारा दिला. गोळी घेतल्यावर शौच काळी झाली किंवा अंगावर पुरळ उठले, तर पुढची गोळी न घेता डॉक्टरांना गाठावे.