मातेवरील आळ : स्वमग्नतेच्या इतिहासातील एक प्रकरण

ज्ञातीतील ज्या घरी स्वमग्न मूल आहे, तेथील मातेस एक प्रश्न वारंवार ऐकावा लागतो, हे आम्ही पाहत आलो आहो : ‘तू नोकरीवर जात होतीस ना? मग मूल बोलणार कसे?’ विचारणारे बहुधा आप्तच असतात व त्यांचा हेतूही वाईट नसतो. परंतु या आळाचे मूळ कोठे आहे व तो खोटा कसा ठरला, हे वाचकांपुढे ठेवणे आम्हांस अगत्याचे वाटते.

सन १९४३ मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोर येथील डॉ. लिओ कॅनर यांनी ११ मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. ही मुले माणसांत रमत नसत. नित्यक्रम मोडला की व्याकूळ होत. ही उणीव जन्मजात असावी, असेच डॉक्टरांनी त्या वेळी लिहिले. त्याच लेखात पालकांचे शिक्षण व व्यवसायही नोंदविलेले होते. ११ पैकी ९ माता पदवीधर होत्या. त्यांत एक डॉक्टर, एक मानसशास्त्रज्ञ, एक परिचारिका व एक लेखिका होती. पुढे १९४९ मध्ये कॅनर यांनीच पालकांच्या भावनाशून्यतेकडे बोट दाखविले आणि १९६७ मध्ये ब्रूनो बेटलहाइम यांच्या ग्रंथाने तो समज दूरवर पसरविला. शिकलेली, कमावती आई म्हणजे मायेला पारखी आई, असा सोयीचा अर्थ लोकांनी काढला.

तो पुसला गेला, तो मुख्यतः पालकांच्याच उद्योगाने. स्वतः स्वमग्न मुलाचे पिता असलेले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड यांनी १९६४ मध्ये ही अवस्था शारीरिक कारणांची असल्याचे साधार मांडले. १९६९ मध्ये पालकांच्या सभेत कॅनर यांनी त्यांस दोषमुक्त केले. १९७७ मध्ये फोल्स्टीन व रटर यांनी जुळ्या भावंडांच्या २१ जोड्या अभ्यासून आनुवंशिकतेचा वाटा दाखविला. लंडनच्या डॉ. लोर्ना विंग या तर अशाच एका मुलीची आई. त्यांनी आपले संशोधनकार्य सोडले नाही. १९७९ मध्ये जुडिथ गूल्ड यांच्यासह केलेली त्यांची कँबरवेलची पाहणी या विषयातील आधारभूत ठरली. सुशिक्षितांच्याच घरी अशी मुले अधिक का दिसत, याचा उलगडाही त्यांनीच केला : तज्ज्ञापर्यंत पोहोचण्याचे साधन त्याच घरांजवळ होते, इतकेच!

आपल्या देशात १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने स्वमग्नतेस स्थान दिले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने तिची स्वतंत्र गणना केली. केंद्र सरकारच्या स्त्री-कर्मचाऱ्यांस २००८ पासून ७३० दिवसांची बालसंगोपन रजा मिळू लागली. तथापि खाजगी नोकरीतील भगिनींस असा आधार क्वचितच लाभतो. वाचा-उपचारांचा खर्च वाढतो, त्याच वेळी आईची मिळकत थांबते. नोकरीमुळे मूल स्वमग्न होत नाही. मुलाच्या काळजीपायी आईची नोकरी मात्र सुटते. खरा क्रम हा आहे.

म्हणून ज्ञातिबंधुभगिनींस आमची विनंती इतकीच की, अशा घरी जाताना प्रश्न नेऊ नये, वेळ न्यावा. आठवड्यातून दोन तास कोणी त्या मुलाजवळ बसले, पित्याने आपला वाटा उचलला आणि समारंभाच्या निमंत्रणात त्या मुलाचेही नाव घातले, तर ज्ञातिसंस्था या शब्दास काही अर्थ राहील.